तेराव्या सभासदाची शेवटची दुरुस्ती

मी, नरहरी वामन बोधनकर, वय वर्षे पंच्याऐंशी, पूर्वीचा धंदा अर्जनवीस, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. कान गेले आहेत, गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा बुद्धीबद्दल शंका काढणार हे मला ठाऊक आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र पंधरा दिवस घरात पुष्कळ दडपण आहे. १९८८ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही फारसे नव्हते. ते रद्द समजावे.

तीस वर्षे कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली. सगळी हिंदीत. कचेरीला हिंदीच लागते हे मला कोणी शिकवायला नको. पण इंग्रजीत मी एकदा पक्का फसलो आहे आणि हिंदीत माझ्या हातून लोकांच्याच गोष्टी लिहिल्या गेल्या. स्वतःची गोष्ट मराठीत लिहितो. हिंदी तर्जुमा नातीने करून जोडावा.

कलम १. माझी पत्नी सुशीला १९९१ साली वारली. मला एकच मुलगा, श्यामकांत, तो नव्या राज्याच्या मंत्रालयात नोकरीला आहे. त्याची एकच मुलगी निवेदिता, तिने वकिलीची सनद घेतली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवेदिताने करावी. तिला मराठी सगळे समजते, उत्तर ती हिंदीत देते. हे लिहिणार असे तिला सांगितले तेव्हा म्हणाली, “आजोबा, सच लिखना है तो पूरा लिखिए. आधा तो सबको मालूम है.” पोट्टी पुढे चांगली वकील होईल. वकिलांनी असे बोलू नये हे ती लवकरच शिकेल, त्याचे मला वाईट वाटते.

कलम २. चौबे कॉलोनीतील घर, खालचे वरचे दोन्ही मजले, माझे स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित त्यात एक वीटही नाही. राजधानी रायपूरला आली त्या दिवसापासून लोक या घराकडे जाता-येता मान वर करून पाहू लागले आहेत. एका बिल्डराचा माणूस तर मी जिवंत असताना माझ्याच अंगणात पावले टाकून लांबी मोजून गेला. हे घर मी श्यामकांतला देतो, पण एका अटीवर, आणि ती अट हेच या कागदाचे कारण आहे.

येत्या एक नोव्हेंबरला, राज्याच्या वाढदिवशी, गावातल्या काही प्रतिष्ठितांची एक सन्मान समिती मला ‘श्रमवीर’ म्हणून शाल आणि श्रीफळ देणार आहे. कॉलनीच्या चौकात माझ्या नावाची पाटीही लागायची आहे. छापील पत्रिकेत माझे वर्णन आहे, ‘परकीयांच्या बंदर समितीत छत्तीसगडच्या मजुरांचा बुलंद आवाज’. हे वर्णन श्यामकांतने लिहून दिले. मी नकार कळवला, तर समितीने त्याला विनय म्हटले. मग प्रकृतीच्या कारणाने वडिलांच्या वतीने आपण सन्मान घेऊ असे श्यामकांतने परस्पर कळवून टाकले. म्हणजे म्हैस मरायच्या आधीच तिचे मणभर दूध मोजायला बसले.

मी त्याला विचारले तर तो म्हणाला, “बाबा, नवं राज्य झालं, ते लोक मोठे मोठे नावं शोधून राहिले. तुमचं काहून नाही? मले तर अभिमान आहे तुमचा.”

तेव्हा त्याला मी समोर बसवून सगळे सांगितले. छप्पन्न वर्षांचा माणूस खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सांगितलं, ठीक केलं. पण आता झाकली मूठ राहू द्या ना, बाबा. अठ्ठावन्न वर्षं झाले. कोण विचारून राहिलं?”

मी विचारून राहिलो आहे. म्हणून अट अशी की मी जिवंत असताना किंवा मेल्यानंतर श्यामकांतने माझ्या नावाने हा किंवा असा कोणताही सन्मान घेतला, किंवा माझ्या नावाची पाटी कुठे लागू दिली, तर घरावरचा त्याचा हक्क त्या क्षणी संपेल आणि संपूर्ण घर बिसाहिन बाई, मुलगी नत्थू हमालाची, हिचे होईल. कॉलनीत डोक्यावर टोपली घेऊन लाल भाजी विकते ती. तिचा माझ्याशी काय संबंध, ते कलम चारमध्ये आहे.

कलम ३. किरकोळ चीजवस्तू. माझे टंकयंत्र कचेरीबाहेर माझ्या जागी आता बसणाऱ्या गौतमला द्यावे. त्याचे एक अक्षर उडते, ते गौतमला माहीत आहे. सुशीलेच्या साड्या निवेदिताला. ती नेसणार नाही, तरी तिलाच. बँकेत ठेव आहे ती माझ्या औषधांच्या राहिलेल्या बिलांना आणि सरणाला पुरेल, उरेल ते निवेदिताचे. शेजारी शामराव मोहरील यांनी १९९४ साली नेलेली माझी छत्री परत केलेली नाही. ती मी त्यांना या कलमान्वये देऊन टाकतो, म्हणजे म्हातारपणी त्यांच्या माथी दोष नको.

कलम ४. या कलमात देण्यासारखे काही नाही, सांगण्यासारखे आहे. मृत्युपत्रात हकीकत लिहू नये असे मी शेकडो पक्षकारांना बजावले. आज मीच मोडतो.

बंदराचे नाव लिहीत नाही. रायपूरहून सुटणारी गाडी जिथे समुद्राला लागते ते बंदर. नागपूरला बी. ए. होऊन मी १९३९ साली तिथे मालधक्क्यावर कारकून लागलो. आपल्या भागातले शेकडो मजूर, बाया आणि पुरुष, गाडीत बसून तिथे पोट भरायला येत. खनिजाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन ते धक्क्यापासून जहाजापर्यंत टाकलेल्या फळीवरून चढत. फळी जेमतेम हातभर रुंद, धरायला काही नाही. एका अंगाला धक्क्याचा दगड, दुसऱ्या अंगाला जहाजाचे लोखंड, खाली पाणी.

बंदराचा कारभार एक समिती पाहत असे. जहाज कंपन्यांचे, खनिज व्यापाऱ्यांचे, रेल्वेचे आणि लढाई लागल्यावर लष्कराचे असे बारा सभासद. १९४३ मध्ये सरकारने तेरावी खुर्ची मांडली, ‘कामगारांचे हितसंबंध पाहण्यासाठी’. हितसंबंध पाहण्यासाठी, म्हणजे कामगाराने स्वतः आत यायला नको. युनियनचे पुढारी अनंतराव, नागपूरचे वकील, यांनी माझे नाव सुचवले आणि सरकारने मला नेमले. मी एकही टोपली उचललेली नव्हती. मला इंग्रजी येत होते एवढीच माझी लायकी. फळीवरून चढणाऱ्यांपैकी कोणालाही कोणी विचारले नाही की तुमच्यासाठी हा चालेल का. मीही विचारले नाही.

फेब्रुवारी १९४४ च्या सभेत मी मागणी मांडली की फळी दोन हात रुंद करावी, दोन्ही बाजूंना दोरखंडाचा कठडा असावा, खाली जाळी असावी. चार मिनिटे बोललो. बरे बोललो, हे मुद्दाम लिहितो. जहाज कंपनीच्या साहेबाने सांगितले की लढाईमुळे लाकूड नाही, दोर नाही. अध्यक्षांनी हा प्रश्न लढाई संपेपर्यंत पुढे ढकलला. मी विरोध केला नाही आणि होकारही दिला नाही. गप्प बसलो.

समितीची रीत अशी होती की झालेल्या सभेचे इतिवृत्त टाइप करून पुढच्या सभेच्या चार दिवस आधी पट्टेवाल्याबरोबर प्रत्येकाच्या घरी येई. सभेत ते कोणी वाचत नसे. अध्यक्ष विचारत, ‘काही दुरुस्ती?’ आणि कोणी बोलले नाही की ते कायम होई. कायम झालेल्या ओळीला मग देवही हात लावू शकत नसे. पुढे कचेरीत मी पुष्कळ पाहिले, पण इतकी सोपी युक्ती दुसरी पाहिली नाही.

माझ्या घरी आलेल्या प्रतीत सहाव्या पानावर ओळ होती की कामगारांच्या सभासदाने अडचण समजून घेऊन प्रश्न पुढे ढकलण्यास संमती दिली. मी ती वाचली. आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलो की ती ओळ त्यांनी लबाडीने घातली आणि मला पत्ता लागला नाही. सुशीलेलाही हेच सांगितले. ती बिचारी मरेपर्यंत त्या साहेबांना शिव्या देत होती. ते खरे नाही. मी ओळ वाचली, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि सभेत काय बोलायचे ते वाक्य आरशासमोर उभे राहून पाठ केले.

पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली होती. हजर सभासदांच्या यादीत इतरांच्या नावांपुढे त्यांच्या पदव्या होत्या आणि माझ्या नावापुढे बी. ए. नव्हते.

मार्चच्या सभेत अध्यक्षांनी विचारले, ‘काही दुरुस्ती?’ मी उभा राहिलो. पहिले पान आधी येते, म्हणून मी आधी पहिल्या पानावरचे बोललो. अध्यक्ष हसले, म्हणाले, ‘अवश्य, अवश्य, चूक झाली,’ आणि चिटणिसाने तिथेच शाईने माझ्या नावापुढे बी. ए. लिहिले. लष्कराच्या साहेबाने माझ्याकडे पाहून मान लववली. अध्यक्षांनी पुन्हा विचारले, ‘आणखी काही?’

एका माणसाने एका सभेत दोन दोन दुरुस्त्या काढायच्या म्हणजे कजाग दिसते असे मला वाटले. एवढे सौजन्य दाखवले त्यांनी, आता लगेच त्यांना खोटे कसे पाडायचे, असेही वाटले. मी म्हणालो, ‘नाही, साहेब.’ आणि बसलो. त्या दिवशी घरी येताना मी आनंदात होतो. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण होतो.

जूनमध्ये फळी घसरली. समुद्राचे पाणी उडून ती बुळबुळीत झाली होती. नत्थूची बायको टोपलीसकट धक्का आणि जहाज यांच्या मधोमध गेली. जहाज लाटेने धक्क्याला टेकले. मी तिथे नव्हतो, मी कचेरीत होतो. नत्थूची बायको सापडली ती दुसऱ्या दिवशी. पोरगी तीन वर्षांची.

युनियनने समितीला जाब विचारला. समितीचे उत्तर दोन ओळींचे होते. कठड्याचा प्रश्न खुद्द कामगारांच्या सभासदाच्या संमतीने पुढे ढकलला असल्याने समितीकडे कोणताही दोष येत नाही, सोबत कायम केलेल्या इतिवृत्ताची प्रत. नत्थूला त्यांनी काही दिले नाही.

बंदराच्या फाटकाशी भरलेल्या गेटसभेत अनंतरावांनी ती प्रत वाचून तिचा हिंदीत अर्थ सांगितला. नत्थू पोरीला खांद्यावर घेऊन पुढेच उभा होता. त्याने मला सगळ्यांसमोर विचारले, “बाबू, तैं हव कहे रहे का?” तू हो म्हणाला होतास का, एवढेच. मी म्हणालो, “नाही रे, खोटं लिहिलं त्यांनी.” त्याने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मला वाटते त्याला कळले.

कलम ५. अनंतरावांविषयी. त्यांनी त्याच सभेत मला युनियनमधून काढले आणि टाळ्या घेतल्या. ते योग्यच केले. पण फेब्रुवारीच्या सभेनंतर मी त्यांना पत्र लिहून प्रश्न पुढे ढकलला गेल्याचे कळवले होते आणि त्यांचे उत्तर माझ्यापाशी आहे, ‘ठीक आहे, सध्या ताणू नका.’ ते पत्र त्यांनी गेटसभेत वाचले नाही. पुढे ते मोठे झाले, त्यांच्या तसबिरीला हार पडतात. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला मोठी विद्वत्ता लागत नाही. त्यांना मी क्षमा करीत नाही. मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मीही आता मरायलाच टेकलो आहे, तेव्हा आम्ही बरोबरीचे आहोत. ते पत्र निवेदिताने जपून ठेवावे. छापू नये. छापले तर माझा दोष त्यांच्या दोषामागे लपेल.

कलम ६. नोकरी सोडून मी रायपूरला आलो तो बंदराला पुन्हा तोंड दाखवले नाही. नत्थूही पुढे इकडे परतला आणि सदर बाजारात हमाली करू लागला. रस्त्यात दिसला की ‘राम राम बाबू’ म्हणे, आणि चालू लागे. एकदा मी त्याला थांबवले, म्हटले, त्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. तो म्हणाला, “छोड़ न बाबू. कागज त कागज आय.” कागद शेवटी कागदच, असे. पाठीवर कापडाचा गठ्ठा होता, तो सावरून पुढे गेला. त्यालाही जाऊन आता बरीच वर्षे झाली.

त्याची मुलगी बिसाहिन आयुष्यभर विटा-गारा वाहून आता भाजी विकते. वीस वर्षे ती आमच्या दारात टोपली उतरवते. सुशीला तिच्याशी भावावरून हुज्जत घाली आणि मी आत पेपर तोंडापुढे धरून बसे. ती कोण ते मला पहिल्या दिवशीच कळले होते. मी कोण ते तिला माहीत होते की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बंदर समितीच्या इतिवृत्तांची माझ्याजवळची बांधीव प्रत ट्रंकेत आहे. १९४४ च्या खंडातली ती सहाव्या पानाची ओळ, पेन्सिलीच्या रेघेसकट, आणि तिच्यासोबत या मृत्युपत्रातील कलम चार यांचा तर्जुमा निवेदिताने सन्मान समितीकडे एक नोव्हेंबरच्या आत पोचवावा. मी जिवंत असलो तरी. मूळ खंड बिसाहिन बाईचा. तिला वाचता येत नाही, पण तो तिच्या घरात असावा. तिला वाटले तर तिने तो चुलीत घालावा. त्या निर्णयाला कोणी आक्षेप घेऊ नये.

कलम ७. माझ्यामागे तेरावा घालू नये. शोकसभा नको. कोणी भाषण करायला उभा राहिलाच तर त्याला आमच्या घरचा चहा देऊ नये.

कलम ८. वरील सात कलमे लिहून झाल्यावर आज सकाळी बिसाहिन बाई भाजी घेऊन आली तेव्हा मी तिला आत बोलावले. ती खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशी बसली. निवेदिताने दोन, चार आणि सहा ही कलमे तिला हिंदीत वाचून दाखवली. श्यामकांत दाराशी उभा होता. घराचे आले तेव्हा तिने हात हलवला, “घर-दुआर ल तुमन जानव.” घरादाराचे तुमचे तुम्ही बघा, असे.

सगळे ऐकून झाल्यावर ती मला म्हणाली, “बने लिखे हस बाबू. फेर मोर दाई के नाव कोन जगा लिखे हस?” चांगले लिहिले आहेस, पण माझ्या आईचे नाव कुठे लिहिले आहेस?

निवेदिताने पाने उलटली. मीही उलटली. अनंतरावांचे नाव आहे. शामरावांच्या छत्रीचा उल्लेख आहे. माझ्या नावापुढे पदवी कशी लागली ती हकीकत पाऊण पान आहे. नाव कुठेच नव्हते.

ती म्हणाली, “तोला मालूम नई ए का?”

मला माहीत नव्हते. अठ्ठावन्न वर्षे ज्या बाईपायी मी स्वतःला जाळत होतो असे समजत होतो, तिचे नाव मी कोणाला विचारले नव्हते. नत्थू भर रस्त्यात समोर उभा होता तेव्हाही नाही. समितीच्या उत्तरात तिला ‘एक स्त्री मजूर’ म्हटले होते, त्यावरून मी कित्येकदा दातओठ खाल्ले. माझ्या हाताने मी तिला त्याहून जास्त काही दिलेले नाही. मी बिसाहिन बाईला नाव विचारले. मला वाटले, ती आता सांगणार नाही. मग तिने सांगितले, आणि मी नीट लिहितो की नाही ते पाहायला उंबऱ्यावरून उठून टेबलाशी आली. तिला अक्षर येत नाही, तरी शाई वाळेपर्यंत उभी होती.

तेव्हा या मृत्युपत्रात जिथे जिथे ‘नत्थूची बायको’ असे शब्द आले आहेत, तिथे तिथे ‘सुकवारो’ असे वाचावे. जुने शब्द मी खोडलेले नाहीत. मी काय लिहिले होते ते दिसत राहावे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि खालील दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

लिहून देणार : नरहरी वामन बोधनकर (सही)

साक्षीदार :
१. शामराव केशव मोहरील, निवृत्त पोस्टमास्तर, चौबे कॉलोनी, रायपूर (सही)
२. श्रीमती प्रमोदिनी विनायक वैरागडे, निवृत्त शिक्षिका, चौबे कॉलोनी, रायपूर (सही)

ठिकाण : रायपूर, छत्तीसगड
तारीख : १९ ऑक्टोबर २००२